मांडव उतरला, खड्डे राहिले

अनंत चतुर्दशीनंतर दोनतीन दिवसांत आमच्या गल्लीतला मांडव उतरतो आणि त्याच संध्याकाळी माझ्या स्कूटरचे पुढचे चाक वाशासाठी खणलेल्या खड्ड्यात जाते. उत्सवाचा हा अनधिकृत समारोप मी गेली कित्येक वर्षे न चुकता साजरा करत आलो आहे. मांडव घालताना मंडळाकडे चाळीस कार्यकर्ते असतात, वासे उतरवायला मांडववाल्याची दोन पोरे असतात आणि खड्डे बुजवायला कोणीही नसते. कामाची हीच वाटणी माझ्या संगणकातही पाळली जाते, हे मात्र मला यंदा कळले.

मी पोटासाठी भाषांतरे करतो आणि ती इमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये करतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला ग्नू इमॅक्स माझ्या भाच्यापेक्षा वयाने मोठा आहे, त्यामुळे भाचा त्याच्याकडे घरातल्या पितळी बंबाकडे पाहावे तसा पाहतो. मला मात्र तो सोडवत नाही. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की देवनागरी सुरू होते, पुन्हा दाबली की रोमन, आणि चालत्या एडिटरचा कोणताही भाग, तो चालू असतानाच, लिस्प भाषेतल्या दोन ओळी लिहून बदलता येतो. धावत्या गाडीचे चाक बदलण्याची ही सोय वापरून आपण काय काय करून बसू शकतो, याचा अंदाज मला बावीस वर्षांत आला नव्हता.

पूर्वी बाहेरची भर घालायची तर फाईल आणा, ती कुठे ठेवली ते एडिटरला सांगा, असा पत्रिका जुळवण्यासारखा खटाटोप असे. २०१२ साली आलेल्या चोविसाव्या आवृत्तीपासून पॅकेजांची यादीच समोर येते. हव्या त्या ओळीवर ‘आय’ दाबायचे, मग ‘एक्स’ दाबायचे, की पॅकेज घरात. अशाच एका दुबळ्या क्षणी मी रोजच्या शब्दसंख्येचे उद्दिष्ट सांभाळणारे एक पॅकेज घेतले. त्याचे नाव सांगत नाही, कारण ते फुकट दिलेले आहे आणि फुकट जेवलेल्याने आमटीला नावे ठेवू नयेत. उद्दिष्ट मी स्वतःच हजार शब्दांचे लावले होते. त्यानंतर पडद्याच्या तळाच्या पट्टीत ‘१००० पैकी २१४’ असा आकडा दिवसभर बसून राहू लागला, आणि पाच मिनिटे हात थांबला की ‘आपण लिहीत नाही आहात’ अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येऊ लागला. एकदा मी नुसता शिंकायला थांबलो होतो; तेव्हाही आला.

एकेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे एका शनिवारी, मी त्याला काढायचे ठरवले. यादीत ‘डी’ दाबले, ‘एक्स’ दाबले, खरेच काढायचे का या प्रश्नाला होकार दिला आणि पॅकेज काढून टाकल्याचे एडिटरने अदबीने कळवले. मी चहा घेऊन परत आलो तर पट्टीत आकडा होता, आणि चहाला लागलेल्या वेळेबद्दलचा निरोपही होता.

पॅकेज काढणे म्हणजे त्याचा फोल्डर डिस्कवरून पुसणे, एवढाच त्या क्रियेचा अर्थ आहे. एकदा स्मृतीत चढलेला कोड फोल्डर गेल्याने उतरत नाही. शाळेचा दाखला फाडला म्हणून पाठ झालेले पाढे विसरत नाहीत, तसेच हे. मी पाहिले ते सगळे टिपून ठेवायला सुरुवात केली, कारण असा तपशील भाच्याला दाखवल्याखेरीज तो मदत करत नाही. कोणती कळ दाबली, काय झाले, काय व्हायला हवे होते, असे लिहिता लिहिता रात्र झाली.

रविवारी सकाळी मॅन्युअलमध्ये ‘अनलोड-फीचर’ हा आदेश सापडला. काम जपून करणारा वाटला. पॅकेजने आणलेली फंक्शने (ठरलेले एकेक काम करणारे कोडचे तुकडे) आणि चले (किमती साठवणारी नावे) तो काढतो, आणि हुक नावाच्या खुंट्यांवर पॅकेजने टांगलेले सामानही उतरवतो. हुक म्हणजे अमुक घडले की तमुक कर, अशा सूचनांची खुंटी. अर्थात तो शोधतो ते नावाच्या शेवटी ‘हुक’ असलेल्या खुंट्यांवर, आणि त्याशिवाय त्याच्याकडे असलेल्या एका छोट्या यादीत. ज्याला एवढे पुरणार नाही अशा पॅकेजच्या कर्त्याने आवराआवरीचे एक खास फंक्शन स्वतः लिहून ठेवावे, अशी अपेक्षा मॅन्युअलने व्यक्त केली आहे. आमच्या कर्त्याने ते लिहिले नव्हते. मांडवाचा आराखडा काढताना खड्ड्यांचा विचार कोण करतो!

आदेश दिला. एडिटरने नकार दिला: दुसरी एक लायब्ररी हिच्यावर अवलंबून आहे. ती दुसरी म्हणजे त्याच पॅकेजचा पट्टीत आकडा दाखवणारा शोभेचा भाग. शहाण्याने आधी तो उतरवला असता. मी कंट्रोल-यू लावून तोच आदेश पुन्हा दिला, म्हणजे दार उघडत नाही म्हणून खांदा मारला. दार उघडले. आकडा नाहीसा झाला. निरोपांच्या बफरमध्ये (बफर म्हणजे एडिटरमधले उघडे पान) मात्र ‘पडदा रंगवताना चूक’ ही एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटू लागली, कारण शोभेचा भाग अजून जिवंत होता आणि नसलेल्या मालकाला दर खेपेला हाका मारत होता. तिकडे मी दुर्लक्ष केले आणि एका वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेची तीन पाने भाषांतरित केली. ती सोमवारी सकाळी द्यायची होती.

मग कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एस. फाईल जतन झाली नाही. खाली ओळ आली की अमुक फंक्शनची व्याख्या रिकामी आहे.

इथे इमॅक्समधल्या ‘ॲडव्हाइस’ या प्रकाराची ओळख करून द्यायला हवी. एखाद्या पॅकेजला मूळ फंक्शन न बदलता त्याच्या वागण्यात भर घालायची असेल, तर ते त्या फंक्शनला सल्ला देऊन ठेवते. मूळ फंक्शनला हाक मारली की आधी सल्लागार पुढे येतो. आमच्या पॅकेजने फाईल जतन करणाऱ्या ‘सेव्ह-बफर’ला असा सल्ला दिला होता, म्हणजे दर वेळी माझे शब्द मोजून नोंदवहीत लिहिता यावेत. अनलोडने सल्लागाराला नाहीसे केले, पण त्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही ही ‘सेव्ह-बफर’ची सवय तशीच राहिली. थोरले काका वारून दहा वर्षे झाली तरी त्यांच्या संमतीवाचून घरात पंखा बसत नाही, अशी घरे मी पाहिलेली आहेत.

वेगळ्या नावाने जतन करून पाहिले. तो रस्ताही शेवटी ‘सेव्ह-बफर’च्याच दारात जातो, त्यामुळे पट्टीतले नाव बदलले आणि फाईल काही झाली नाही. एडिटर बंद करू गेलो तर त्याने विचारले, ‘फाईल जतन करू का?’ मी हो म्हटले. तो म्हणाला, व्याख्या रिकामी आहे. तीन पाने आत, मी बाहेर, आणि मध्ये दिवंगत सल्लागार.

भाच्याला फोन केला.

“मामा, बंद करून चालू कर ना.”

“बंद होत नाहीये, तोच तर प्रश्न आहे.”

“आमच्या व्हीएस कोड एडिटरमध्ये असं होत नाही. एक्स्टेन्शन, म्हणजे तुझं पॅकेज, सुरू होताना जे जे लावतं ते एका यादीत टाकून ठेवतं, आणि बंद होताना ती यादी रिकामी केली जाते.”

“आणि एक्स्टेन्शनवाल्याने एखादी वस्तू यादीत टाकलीच नाही तर?”

“तर रीस्टार्ट,” तो म्हणाला, आणि थोडा वेळ फोनवर कोणीच बोलले नाही.

विम या दुसऱ्या एका एडिटरवाल्यांचा प्रामाणिकपणा मला त्या क्षणी फार आवडला. त्यांनी २०१६ साली आठव्या आवृत्तीत पॅकेज चढवण्याचा ‘पॅकॲड’ हा आदेश दिला आणि उतरवण्याचा दिलाच नाही.

शेवटी ‘राइट-रीजन’ या आदेशाने तिन्ही पाने खिडकीतून गादी टाकावी तशी दुसऱ्या फाईलमध्ये काढली, आणि धीर आल्यावर ‘ॲडव्हाइस-रिमूव्ह’ची एक ओळ लिहून सल्ला मागे घेतला. जतन होऊ लागले. म्हणजे क्रम उलटा हवा होता: आधी सल्ला काढायचा, मग शोभा, मग मूळ पॅकेज आणि सर्वांत शेवटी डिस्कवरचा फोल्डर. मी नेमका शेवटाकडून आरंभ केला होता. त्यानंतर एडिटर बंद करून पुन्हा उघडला, तर त्याने सुरुवातीलाच तक्रार केली की लोड करायची फाईल सापडत नाही. माझ्याच आरंभ-फाईलमध्ये पॅकेजला रोज सकाळी उठवणारी ओळ शिल्लक होती. तीही पुसली. जाता जाता कळले, की मेटा (म्हणजे बहुधा ऑल्ट) आणि बरोबरचे चिन्ह दाबले की निवडलेल्या मजकुरातले शब्द इमॅक्स स्वतःच मोजून दाखवतो, आणि त्यावर एक अवाक्षर बोलत नाही.

परवा होम फोल्डर आवरताना पॅकेजची नोंदवही सापडली. ती पुसायचे कोणाच्याच यादीत नव्हते. एकेचाळीस दिवसांचा माझा हिशेब तिच्यात ओळीने मांडलेला आहे आणि हजाराचे उद्दिष्ट एकदाच पुरे झालेले दिसते: त्या शनिवारी, ११४२ शब्द. फोल्डर पुसल्यावरही जिवंत असलेल्या त्या पॅकेजने, त्याला घालवण्यासाठी मी केलेली टिपणे, शब्द न् शब्द मोजली होती.