‘निरोगी बाईला बाळंतपणात कसली भीती?’

सध्या एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाळंतपण म्हणजे आजार नव्हे, धोका असतो तो वय उलटलेल्या किंवा आधीच आजारी बायकांना, पूर्वी बायका घरीच बाळंत व्हायच्या आणि आठ-आठ मुलं व्हायची, शिवाय पहिलं सुरळीत झालं की पुढची काळजी नाही. पहिलं वाक्य मला मान्य आहे. गरज नसताना सिझेरियन होतात ही तक्रारही खोटी नाही. बाकीच्याकडे वळू.

‘धोका ठरावीक बायकांनाच.’ धोका वाढवणाऱ्या गोष्टी खऱ्याच आहेत: अठराच्या आतलं किंवा पस्तिशीपुढचं वय, अंगात रक्त कमी असणं, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, जुळं, आधीचं सिझेरियन, दोन बाळंतपणांत फार कमी अंतर. पण एकेकाळी याच यादीवरून गरोदर बायकांची ‘जोखमीच्या’ आणि ‘बिनजोखमीच्या’ अशी वाटणी करून पाहिली गेली. चाळणी गळकी निघाली. यादीतल्या बहुतेक जणी सुखरूप सुटायच्या, आणि अडलेल्यांपैकी पुष्कळ जणी बिनजोखमीच्या गटातल्या निघायच्या. १९९० च्या दशकात तज्ज्ञांनी या वाटणीवर विसंबणं सोडलं.

असं का होतं ते रक्तस्रावावरून कळतं. दिवस भरत आले की गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. वार सुटल्यावर पिशवी आवळली गेली तरच त्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ती सैल राहिली तर बाई दोनेक तासांतही दगावू शकते. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात सुमारे ७० टक्के वेळा कारण हेच असतं, आणि त्यातल्या कित्येकींच्या तपासणीच्या कागदावर आधी काहीही वावगं नसतं. बाळ बाहेर आल्याबरोबर, पिशवी आवळायला लावणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सरसकट सगळ्यांना देतात ते म्हणूनच.

बाळाचंही तसंच. दिवस भरून जन्मलेल्या १०० बाळांपैकी साधारण ८५ आपणहून श्वास घेतात, दहाएक पुसून-चोळून घ्यायला लागतात, उरलेल्यांना मास्क लावून हवा द्यावी लागते. त्या उरलेल्यांत आपलं बाळ असेल का, हे नेहमीच आधी कळतं असं नाही. २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख बाळं जन्मापासून महिन्याच्या आत गेली, त्यांतली जवळपास तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात.

‘पूर्वी घरीच व्हायचं.’ आठ मुलं म्हणजे जन्मलेली की जगलेली, ते संदेशात नाही. इंग्लंडमध्ये १९३० च्या सुमारास हजार बाळंतपणांमागे चारहून अधिक आया दगावत. बरं, ते दिवस गरिबीचे होते म्हणावं, तर अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचं उदाहरण घ्या. तिथला एक धार्मिक गट वैद्यकीय मदत अजिबात घेत नसे. राहणीमान मात्र आजूबाजूच्यांसारखंच. १९७५ ते १९८२ या काळात ३४४ जिवंत जन्मांमागे ३ माता गेल्या. आकडा लहान आहे, पण राज्याच्या दरापेक्षा तो सुमारे शंभर पट होता. जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बाळांचं प्रमाणही तिप्पट होतं.

‘पहिलं नीट झालं की झालं.’ यात थोडं तथ्य आहे. २०११ मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या बायका बिनजोखमीच्या, घरी बाळंतपण ठरवलेलं तरी सोबत प्रशिक्षित सुईण. आधी बाळंत झालेल्यांच्या बाळांना घरी आणि रुग्णालयात सारखाच धोका दिसला. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू घरी हजारी ९.३, रुग्णालयात ५.३. आणि घरीच बाळंत व्हायचं ठरवलेल्या, नीट पारखून घेतलेल्या या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना कळा चालू असताना किंवा बाळ झाल्या झाल्या रुग्णालयात हलवावं लागलं.