आधी कळस, मग पाया: जुनी कॅमॅरो दुरुस्त करणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

मिशिगनमध्ये घर झाले, गराज ऐसपैस निघाले आणि मुले कॉलेजला गेली, की आपल्यापैकी काही गृहस्थांना १९६९ सालची शेव्हरले कॅमॅरो ही गाडी विकत घेऊन ती स्वहस्ते दुरुस्त करण्याचा झटका येतो. प्रस्तुत लेख अशा सज्जनांसाठी आहे. इतरांनी परसात मेथी लावावी. पैसा दोन्हीकडे मातीतच जातो, परंतु मेथीची निदान भाजी होते.

त्या एका मॉडेल वर्षात शेव्हरलेने २,४३,०८५ कॅमॅरो बनवल्या, तेव्हा त्यांतील एक चांगली गाडी आपल्या नावाने राखून ठेवलेली असणारच, अशी श्रद्धा बाळगून खरेदीला निघावे. गाडी पाहण्यास शक्यतो संध्याकाळी आणि पाऊस पडून गेल्यावर जावे, कारण ओला पत्रा कोणाचाही असो, तो चमकतोच. सोबत चुंबक मात्र नेऊ नये. मी नेला नव्हता. ‘पत्रा सगळा मूळचा आहे’ हे वाक्य विक्रेत्याने इतक्या शांतपणे उच्चारले, की संशय घेणे मला असभ्यपणाचे वाटले. गाडी घरी आल्यावर सौभाग्यवतींनी सहज म्हणून फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक आणला आणि मागच्या चाकावरच्या पत्र्याला लावला. गणपती क्षणभर टेकला, मग सावकाश घसरू लागला आणि फरशीवर पडला. इतके शांत विसर्जन मी आजवर पाहिलेले नाही. पुढे छिन्नी लावली तेव्हा त्या जागी बोटभर जाडीची लांबी (म्हणजे खड्डे बुजवण्याची पुट्टी, जिला चुंबक धरत नाही), तिच्यामागे डासांच्या जाळीचा तुकडा आणि त्याच्यामागे वर्तमानपत्राचा बोळा निघाला; मूळचे म्हणावे असे काही असेल, तर ते वर्तमानपत्रच होते.

यात विक्रेत्याला दोष देण्याचे कारण नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे. ते मीठ हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर पसरले जाते आणि ज्या शहराने अवघ्या अमेरिकेला गाड्या दिल्या, त्याच शहराच्या पोटातले मीठ त्या गाड्यांच्या चाकांमागचे पत्रे खाऊन टाकते. खाल्ल्या मिठाला जागणे ही म्हण येथे पत्र्याला लागू पडत नाही.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे पत्रे जुळवण्याकडे वळू. या कामाची सुरुवात पुढून करावी. लोक गाडी पुढून पाहतात, म्हणून आधी बॉनेट सुरेख बसवावे, मग त्याला मडगार्डे जुळवावीत, मडगार्डांना दरवाजे, आणि उरलीसुरली सगळी चूक मागे ढकलत न्यावी. काही शंकेखोर मंडळी नेमके उलट सांगतात. त्यांचे म्हणणे असे, की मागचा पत्रा सांगाड्याला वेल्ड केलेला असल्यामुळे तो हलत नाही. म्हणून दरवाजा त्याच्याशी जुळवावा, मडगार्ड दरवाजाशी, आणि बॉनेट सर्वांत शेवटी. एवढ्यावर न थांबता ते गाडीखाली शिरतात. कॅमॅरोच्या पुढच्या भागाला स्वतंत्र सबफ्रेम, म्हणजे इंजिन पेलणारी लोखंडी चौकट आहे, ती रबरी बुशांवर बोल्टांनी कसलेली असते, आणि पन्नास वर्षांत ती रबरे चेपून पोळीसारखी झाली, की पुढचा सगळा डोलारा खाली बसतो व दरवाजापुढची फट वाकडी होते. म्हणून आधी बुश बदला, सबफ्रेमचे कर्ण मोजून ती चौकोनात आणा, गाडी स्टँडवर नव्हे तर चाकांवर उभी करा, इंजिनाचे वजन पुढे असू द्या आणि मगच फटींकडे पाहा, असा त्यांचा हट्ट असतो. या मार्गाने गेल्यास पहिला महिना पत्र्याला हातही लागत नाही, आणि शेजारी कुंपणावरून डोकावून ‘काम कुठवर आले?’ असे विचारतो तेव्हा दाखवायला चार काळी रबरे असतात. आपल्याला कळस दाखवायचा आहे. पाया कोण पाहतो?

बॉनेट बसवताना दुसऱ्या माणसाची गरज भासते, आणि हा माणूस बहुधा पत्नीच असतो. तिला मडगार्डापाशी उभे करावे, कोपरा हातात द्यावा आणि बिजागरीचे बोल्ट एकदम सगळे सैल करावेत. ‘अहो, अजून किती वेळ धरू?’ हा प्रश्न साधारण तिसऱ्या मिनिटाला येतो. त्याला ‘झालंच’ असे उत्तर द्यावे आणि नेमका त्याच वेळी गाडीखाली घरंगळलेला पाना शोधायला वाकावे. बॉनेटचा मागचा कोपरा मडगार्डाच्या वरच्या कडेवर टेकतो, बारीक ‘टक्’ असा आवाज होतो आणि नव्या रंगाचा नखाएवढा कपचा उडतो. जुने कारागीर कडेला आधी जाड चिकटपट्टी लावून ठेवतात आणि बोल्टभोवती खुणा करून एका वेळी एकच बोल्ट सैल करतात, असे मी नंतर ऐकले. हे ज्ञान नंतरच मिळावे अशी काही ईश्वरी योजना असावी.

दरवाजा मागच्या टोकाला खाली लोंबत असेल, तर तो उघडून टोकाशी हाताने उचलून पाहू नये. उचलल्यास बिजागरीच्या पिना आणि पितळी बुश झिजले आहेत हे ताबडतोब कळते, मग ते बदलावे लागतात. त्यापेक्षा बिजागऱ्या बॉडीवर ओढून वर कसाव्यात. दरवाजा बंद असताना अगदी सरळ दिसतो, आणि उघडला की पुन्हा लोंबतो. पाहुण्यांना काचेतून आत बसवता आले, तर प्रश्नच मिटतो. दरवाजाचे नवे रबरही रंग झाल्यावरच लावावे. ते जाड आणि ताठ असल्यामुळे दरवाजा चांगला तीन-चार मिलिमीटर बाहेर ढकलते, आणि फट जुळवण्यात घालवलेले सगळे रविवार एका संध्याकाळी पुसून निघतात.

मडगार्डाच्या बोल्टांमागे पातळ पट्ट्या सारतात, ज्यांना शिम म्हणतात. मूळ कारखान्यातही त्या वापरत, त्यामुळे कोठे किती असावी याचा शोध घेणे व्यर्थ आहे. जुनी गाडी सोडवताना कोणत्या बोल्टामागे किती पट्ट्या होत्या हे लिहून न ठेवता त्या सर्व एकाच डब्यात टाकाव्यात. रेडिएटरच्या आधारपट्टीला थोडे वर उचलले, की मडगार्ड खालच्या बोल्टाभोवती मागे कलते व दरवाजाशी असलेली फट वरच्या बाजूने मिटू लागते. म्हणजे वरची फट सुधारायची असेल, तर हात पार पुढच्या जाळीपाशी घालावा लागतो. हे कळायला मला दोन हिवाळे लागले. आपण तीन लावावेत.

कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता सरळ रेघ मारत जावे. भिडस्त लोक एक टाका येथे, दुसरा हातभर लांब, मधे पत्रा गार होऊ द्यायचा, असे करत दिवस घालवतात. मी पहिल्यांदा सलग रेघ मारली, तेव्हा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा तो पत्रा निखाऱ्यावरच्या पापडासारखा डोळ्यांदेखत वळला, आणि मध्ये बोट दाबले की ‘टुपुक’ करून आत जाई व सोडले की बाहेर येई. सौभाग्यवतींना तो आवाज आवडला.

अशा वेळी लांबी धावून येते. तिच्याविषयी उगाच वाईट बोलले जाते. कारखान्यातसुद्धा छत आणि मागचा पत्रा यांच्या सांध्यात शिसे भरत असत. आपली लांबी त्याच घराण्यातली, थोडी हलक्या वजनाची. पाव इंचापेक्षा जाड थर देऊ नये असे म्हणतात, पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि अर्ध्या इंचात मूठ अधिक चांगली झाकते. लांबी घट्ट करणारा हार्डनर सढळ हाताने घालावा. त्यामुळे ती पातेलीतच घट्ट होते, आणि न झाली तर रंगातून डाग वर येतात. घासताना लांब फळीऐवजी तळहाताला पॉलिशपेपर गुंडाळावा, म्हणजे बोटांच्या चार नाल्या पत्र्यावर कायमच्या उमटतात. सर्वांवर काळा रंग द्यावा. काळ्या रंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब नागमोडी दिसते आणि गाडी उभी असतानाही धावल्याचा भास होतो.

राहता राहिली फट किती असावी, ही गोष्ट. आजकाल हौशी लोक सगळीकडे तीन-चार मिलिमीटरची एकसारखी फट मागतात. त्या गाडीत ती कारखान्यातून निघतानाही नव्हती. ओहायोतील नॉरवुडच्या कारखान्यात कामगारांसमोरून गाड्या एकामागून एक सरकत होत्या, आणि त्यांना फटीत नाणे घालून बघत बसायला कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या हातून सुटलेली वाकडी फट आपण सहा वर्षे खपून सरळ करायची आणि तिला ‘मूळ स्थितीत आणणे’ म्हणायचे, यात विसंगती शोधणाऱ्यास आपल्या गराजमध्ये येऊ देऊ नये.

दरवर्षी ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते. १९९५ पासून ही प्रथा आहे. तेथे गाडी न्यावी, पण उजवी बाजू झाडाला लागून राहील अशा बेताने उभी करावी. घडीची खुर्ची टाकून बसलेले पिकल्या केसांचे गृहस्थ हळूच उठून जवळ येतात, गुडघ्यावर हात ठेवून वाकतात आणि काही न बोलता दरवाजापुढच्या फटीवरून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवतात. अंगठा मध्येच थांबतो. ते आपल्याकडे पाहून हसतात व ‘छान रंग आहे’ असे म्हणतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी आयुष्यभर गाड्याच जोडल्या असतात, तेव्हा रंगाखेरीज त्यांना काहीच आवडले नाही हे समजून घ्यावे आणि त्यांना गार लिंबूपाणी द्यावे.

यथावकाश गाडी विकायची वेळ येईलच. ग्राहकाला संध्याकाळी बोलवावे, जमल्यास पाऊस पाहून. ‘पत्रा सगळा मूळचा आहे’ हे वाक्य आरशासमोर दोन-चारदा म्हणून पाहावे. आणि तो चहाला घरात येणार असेल, तर फ्रिजवरचा गणपती आठवणीने खणात ठेवावा.