एकवीस मिलिमीटरचा रुबाब

नवी थार दारात आली, हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटून झाले. आता पहिलं काम करा, कंपनीचे टायर काढून टाका. माप ठरवणाऱ्या इंजिनिअरांनी सस्पेन्शन, ब्रेक, गिअर आणि स्टेअरिंग यांचा मेळ घालून ते बसवलेत, हे मान्य. पण बी विंगमधल्या गृहस्थांनी मागच्याच महिन्यात तेहतीस इंची बसवले, हे त्या इंजिनिअरांना कुठे ठाऊक होतं?

हिशोब एकदाच करा आणि कागद फाडून टाका. वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ मापाचा टायर येतो. त्याचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. तेहतीस इंची म्हणून जो सर्रास विकला जातो तो २८५/७० आर १७, व्यास ८३१. फरक ४२ मिलिमीटरचा. त्यातला निम्मा ॲक्सलच्या वर जातो, म्हणजे गाडीच्या पोटाखाली तुमच्या वाट्याला आले २१ मिलिमीटर. ग्राउंड क्लिअरन्स २२६ चा २४७ झाला. इंचभरसुद्धा नाही. रिम अठराऐवजी सतरा इंची लागणार म्हणून अलॉय नवे, टायर नवे, बिल सहज लाखाच्या वर. दर मिलिमीटरला काय भाव पडला हे काढत बसू नका. सोनंसुद्धा आपण भाव बघून घेत नाही, मुहूर्त बघून घेतो.

टायरवाल्याच्या दुकानात चहा पिताना बोलायला एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘लिफ्ट किटने बॉडी वर जाते, मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शिअलचा गोळा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरांची पेटी, आहे तिथेच राहतो. तो वर घ्यायचा तर टायरच मोठा हवा.’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, त्यामुळे लोक गप्प बसतात. एखादा खवचट विचारेल, तुमचा गोळा आजवर कुठल्या दगडाला लागला? विषय बदला. तुमची थार ४×२ असेल (२०२३ पासून तशीही मिळते), तर टायर आणखी एक माप वरचा घ्या. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद जात नाही ही गोष्ट बाहेरून दिसत नाही. टायर दिसतो.

बसवायच्या दिवशी मात्र जातीने हजर राहा. टायर बसतो, पोरगा स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवतो आणि आतून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. घाबरू नका. पोरगा आत जाऊन हीट गन आणतो, चाकाच्या वरचं काळं प्लॅस्टिक मऊ होईपर्यंत तापवतो आणि हाताच्या तळव्याने मागे दाबतो. तेवढ्याने भागलं नाही, तर करवतीचं पान घेऊन कोपराच कापतो. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटतो, फरशीवर काळ्या कपच्या पडतात. तुमचा चेहरा बघून तो म्हणतो, ‘काय नाय होत साहेब, सगळ्यांचंच कापतो.’ या वाक्यावर विश्वास ठेवा. त्याच्याकडे दुसरी वॉरंटी नाही.

आता घरी जाताना गाडी जरा सुस्त वाटेल. चाकं जड झालीत आणि प्रत्येक फेऱ्यात जास्त रस्ता कापायचा, म्हणजे सगळे गिअर साधारण पाच टक्क्यांनी लांबले. ब्रेकलाही थोडं जास्त झगडावं लागेल. याला सुस्ती म्हणायचं नाही, भारदस्तपणा म्हणायचा. स्पीडोमीटरला यातलं काही कळवलेलं नसतं. आधी काटा बरोबर होता असं धरलं, तर तो शंभर दाखवेल तेव्हा गाडी एकशेपाचने पळत असेल. एक्स्प्रेसवेवरचा कॅमेरा काटा बघत नाही, गाडीचा खरा वेग बघतो, तेव्हा चलन आलं तर फ्रेम करून लावा. उलट फायदाही बघा: हजार किलोमीटर पळवलीत तर मीटरवर साडेनऊशेच पडतात. ॲव्हरेज मात्र त्याच मीटरवर काढू नका, रडू येईल.

स्टेपनीचं काय? दोन मार्ग आहेत, दोन्ही चुकीचे. टायर चारच घेतले आणि स्टेपनी कंपनीचीच ठेवली, तर पंक्चरच्या दिवशी एक पाय आखूड होतो आणि त्या अवस्थेत फोर बाय फोर टाकलं, म्हणजे चारही चाकांना ताकद दिली, तर सगळी ओढाताण गिअरांच्या पोटात होते, कारण पुढच्या-मागच्या ॲक्सलमधला फरक जिरवणारा डिफरन्शिअल या गाडीत मधे नाही. पाचवाही मोठाच घेतला, तर तो जड ऐवज मागच्या दाराला लटकतो आणि त्या दाराच्या बिजागऱ्यांनी कोणाचं काय घोडं मारलंय हे त्यांनाच विचारा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मापात परवानगीशिवाय बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला सांगायचं असतं. कोणी सांगत नाही, मग क्लेमच्या वेळी तीच तुम्हाला सांगते.

एवढं झाल्यावर कोकणात न्यायची हुक्की येणारच. किनाऱ्यावर जाताना हवा कमी करू नका. वाळूत पंधरा-अठरा पीएसआय दाबावर आणलेला टायर लांब पसरतो आणि कंपनीचा साधा टायरसुद्धा तरंगल्यासारखा जातो, हे जाणकार सांगतात. पण या युक्तीला पैसे पडत नाहीत, फोटोतही टायर पंक्चर झाल्यासारखा दिसतो. तुम्ही तेहतीस इंची, बत्तीस पीएसआय आणि पूर्ण ॲक्सिलरेटर असं उतरा. टायरचे मोठाले खाचे फावड्याचं काम चोख करतात, गाडी स्वतःचा खड्डा स्वतः खणते. भरती आलेली असेल तर उत्तमच. काळजी नको, २०२४ च्या डिसेंबरात रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारीसुद्धा बैलगाडीनेच ओढून काढली होती. बैलांना ब्रँडचं कौतुक नसतं. पैसे मात्र आधी ठरवून घ्या, पाणी बंपरला लागल्यावर दर वाढतो.

कंपनीचे पाचही टायर सुक्या बाल्कनीत रचून ठेवा. घरचे विचारतील, हे कधी जाणार? गाडी विकायच्या दिवशी. गिऱ्हाईकाला मूळ मापच हवं असतं, म्हणून तेच परत बसतील. मीटर आधीच पाच टक्के उदार झालेला आहे. जाहिरातीत ‘ऑफ-रोड कधीच चालवलेली नाही’ असं बिनधास्त लिहा. कोकणातल्या वाळूचं कोणी काढलंच, तर तिथे ती बैलांनी चालवली होती.