कोरमअभावी तहकूब

बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला सोसायटीचं खजिनदार करायचं, हा डोंबिवलीतला अलिखित उपविधी आहे. मी निरोप समारंभाचे पेढे वाटत होते, त्याच संध्याकाळी चेअरमन किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे. त्यातली एक किल्ली जिन्याखालच्या ऑफिसची. ऑफिसात एक टेबल, दोन खुर्च्या, गणपतीची उरलेली झिरमिळ्यांची पिशवी आणि 2007 साली असेम्बल करून घेतलेला कॉम्प्युटर.

आमची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणून ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारीच होते. त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी मी थकबाकीची यादी छापायला बसले. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तेव्हाही नाही.

पहिलं कारण पाच मिनिटांत सापडलं. एक्स्टेन्शन बोर्ड गणपतीच्या मखराबरोबर माळ्यावर गेला होता आणि कॉम्प्युटरची पिन टेबलामागे लोंबकळत होती. बोर्ड आणला, पिन लावली, बटण दाबलं. आता काही नाही ते नाहीच, पण अगदी निवांतपणे नाही.

तेवढ्यात 302वाले काका डोकावले. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतल्याची बातमी त्यांनी वरपर्यंत नेली असावी. कारण आमचे फ्लॅट चोवीस. सभेला दोन तृतीयांश किंवा वीस, यांत जे कमी असेल तेवढे सभासद लागतात, म्हणजे सोळा. दरवर्षी सात येतात. मग सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने तीच सात माणसं त्याच खुर्च्यांवर बसून ती पुन्हा सुरू करतात. त्या शनिवारी मात्र जिन्याखाली आणि जिन्यावर मिळून मी अठरा सभासद मोजले.

आणि प्रत्येकाकडे निदान होतं. "व्हायरस असणार." "दमट हवेने धरलंय, हेअर ड्रायर फिरवा." "माझ्या मेव्हण्याचा असाच गेला." मेव्हण्याचं पुढे काय झालं ते काकांनी सांगितलं नाही. 401वाल्या वहिनी म्हणाल्या, लॅमिंग्टन रोडला जा, तिथे सगळे पार्ट मिळतात. मिळतातही. फास्ट लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. त्या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते फक्त पाटीला माहीत. शनिवारी रात्री आठ वाजता मला दोन्ही नावांचा सारखाच उपयोग होता. 104मधला इंजिनिअरिंगचा मुलगा सगळ्यांत प्रामाणिक. त्याने विचारलं, "काकू, डेटा क्लाउडवर नाही का?" मी पेन ड्राइव्हबद्दल चेअरमनना विचारलं. ते म्हणाले, होता, कोणाकडे तरी.

पिन काढून डबा उघडला. आत धूळ नव्हती, गोधडी होती. तिच्यात झुरळाचा एक पाय आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दर खंडेनवमीला आम्ही या यंत्राची पूजा करतो, हळद-कुंकू वाहतो, आणि त्यातलं बरंचसं जाळीतून थेट पंख्याला मिळतं. अठरा वर्षांच्या भक्तीचा हिशेब मी रंगाच्या ब्रशने झाडून काढला.

बँकेत आमच्या शाखेत हार्डवेअरवाला एक मुलगा यायचा. माझं टेबल सर्व्हरच्या खोलीसमोर, त्यामुळे वीस वर्षं मी त्याला बघत आले. तो आधी एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग, तपासायचा. मदरबोर्डमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य पाटीत, घुसणारा मोठा कनेक्टर काढायचा, त्यातली हिरवी वायर आणि शेजारची काळी एका तारेने जोडायची, मगच पिन लावायची. एसएमपीएसचा पंखा फिरला तर निदान वीज घेतोय. मी अंबाड्यातला आकडा काढला. जिन्यावरचे अठरा जण दोन पायऱ्या मागे सरले. पंखा फिरला. टाळ्या पडल्या. वार्षिक सभेत मला कधी पडल्या नव्हत्या.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे नळकांड्यासारखे छोटे भाग, तेही बघितले. ते पुरीसारखे फुगले की समजायचं, आटोपलं. आमचे चपातीसारखे सपाट होते. कनेक्टर परत जागी दाबला, तेव्हा तो कट्‌ करून बसला. म्हणजे इतकी वर्षं तो अर्धवटच बसला होता, आमच्या काही सभासदांसारखा, केव्हाही उठून जाता येईल असा.

आता बटण दाबल्यावर आतला पंखा फिरला, पण पडदा काळा, आणि डब्यातून लांब लांब शिट्ट्या. "तीन झाल्या की गॅस बंद कर," वरून कोणीतरी म्हणालं.

त्या शिट्ट्यांचा अर्थ मला माहीत होता. कॉम्प्युटर सुरू होताना आधी हजेरी घेतो: प्रोसेसर आहे? मेमरी आहे? पडद्याचं कार्ड आहे? एखादा गैरहजर असला तर पुढचा विषय घेत नाही. आमच्यासारखा अर्धा तास थांबून रेटून नेत नाही, हाच काय तो फरक. लांब शिट्टी म्हणजे बहुधा मेमरी, म्हणजेच रॅम, गैरहजर. आणि तो मुलगा शाखेत आला की चहाच्याही आधी खोडरबर मागायचा.

खोडरबर 203मधल्या चौथीतल्या मुलीने दिला, स्ट्रॉबेरीच्या वासाचा, "परत द्याल ना?" असं तीनदा विचारून. पुन्हा पिन काढली, दोन्ही बाजूंच्या कळा उघडून रॅमची पट्टी काढली, तिच्या काळवंडलेल्या सोनेरी दातांवर हलक्या हाताने रबर फिरवला, कण फुंकले, पट्टी परत बसवली. बटण. एक छोटी शिट्टी. हजर!

पडद्यावर मात्र तक्रार आली: तारीख हरवली आहे, पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. तिचं नाव सीआर 2032. 20 मिलिमीटर रुंद, 3.2 जाड, असं मापच नावात. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं आणि सेटिंग जपणं हे तिचं काम. दुकानं बंद झालेली, म्हणून मी तारीख हाताने घातली, यादी उघडते एवढं पाहिलं आणि छपाई सकाळवर ठेवून झोपायला गेले.

रात्री वॉचमनने, बिचाऱ्याला तसं बजावलेलंच आहे, ऑफिसचा मेन स्विच बंद केला.

सकाळी घाईघाईत एफ वन दाबून मी यादी छापली आणि फलकावर लावली. पत्रकाच्या डोक्यावर आजची तारीख आपोआप यावी ही सोय मीच एक्सेलमध्ये केलेली. सभेला सात जण होते. सोसायटीतले सर्वांत मोठे थकबाकीदार, 302वाले काका, चष्मा कपाळावर चढवून फलकासमोर बराच वेळ उभे राहिले.

"मॅडम," ते वळून म्हणाले, "यावर 1 जानेवारी 2007 आहे. मी फ्लॅट घेतला 2009 साली."