सिकलसेल असला की मलेरिया होत नाही? फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

पावसाळा लागला की गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा सारांश असा: सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार) असलेल्यांना निसर्गानेच मलेरियापासून कवच दिले आहे आणि शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले आहे. त्यामुळे अशा मुलाला ताप आला तर मलेरियाची तपासणी करायची गरज नाही. मलेरियाच्या गोळ्यांनी रक्त फुटते, म्हणून सिकलसेलवाल्यांनी त्या घेऊच नयेत. आणि सिकलसेलसाठी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅप्सूलने प्रतिकारशक्ती घटून मलेरिया वाढतो.

पहिल्या दाव्यात अर्धे सत्य आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीचे दावे लोकांच्या गळी उतरतात. हे प्रकरण मुलांच्या जिवाशी आहे, म्हणून एकेक दावा घेऊनच बोलायला हवे.

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.’ काय सिद्ध झाले आहे ते आधी पाहू. अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत काम करून 1954 साली हा संबंध मांडला. कंपालाच्या परिसरातल्या 290 मुलांचे रक्त त्याने तपासले. सिकलिंग, म्हणजे पेशी अशा वाकड्या होणे, आढळलेल्या 43 मुलांपैकी 12 जणांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी होते, तर सिकलिंग नसलेल्या 247 पैकी 113 जणांच्या. म्हणजे सुमारे 28 टक्के आणि 46 टक्के. पुढे त्याने लुओ जमातीतल्या 30 प्रौढ स्वयंसेवकांना मुद्दाम मलेरियाची लागण केली. सिकलिंग नसलेल्या 15 पैकी 14 जणांत परजीवी वाढले, सिकलिंग असलेल्या 15 पैकी फक्त दोघांत.

फरक ठळक आहे, वाद नाही. पण कंपालाची ती 12 मुले विसरून चालणार नाही. ‘सिद्ध केले’ हा दावा ज्या अभ्यासावर उभा आहे, त्याच अभ्यासात सिकलिंग असलेल्या चारांतल्या एकाहून जास्त मुलांच्या रक्तात परजीवी सापडले होते. शिवाय हे संरक्षण मुख्यतः फाल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत जीवघेण्या प्रकारापासून, आणि त्यातही त्याच्या गंभीर रूपापासून आहे. केनियातल्या किलिफी इथल्या पुढच्या अभ्यासांत वाहकांना (सिकलचे एकच जनुक असलेल्यांना) गंभीर मलेरियापासून 90 टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसले, पण साध्या मलेरियापासून साधारण निम्मेच. वाहकालाही मलेरिया होतो. तो बहुधा जिवावर बेतत नाही, इतकेच.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे संरक्षण वाहकांचे आहे, म्हणजे सिकलसेलच्या कार्डावर ‘एएस’ लिहिलेल्यांचे. त्यांना आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सिकलचे जनुक मिळालेले असते. संदेश मात्र ‘सिकलसेल असलेल्यांना’ असे सरसकट म्हणतो आणि त्यात ‘एसएस’ असलेली, दोघांकडूनही जनुक मिळालेली आजारी मुलेही ओढली जातात. त्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे.

वाहकाच्या तांबड्या पेशीत परजीवी शिरला की ती पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा (पोटात डावीकडे असलेला, रक्त गाळणारा अवयव) तिला परजीवीसकट रक्तातून काढून टाकते. कमी ऑक्सिजन असलेल्या जागी त्या पेशीत परजीवीची वाढही खुंटते. हा सगळा खेळ धडधाकट प्लीहेच्या भरवशावर चालतो. एसएस मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, या मुलाची जेमतेम 10 ते 20 दिवस. एरवी बरे असतानाही त्याचे हिमोग्लोबिन सात-आठच्या घरात असते. त्यावर मलेरियाने पेशी फुटू लागल्या तर ते दोन-तीन दिवसांत चारवर यायला वेळ लागत नाही, आणि ताप व शरीरातले घटलेले पाणी यांनी वेदनेचा झटका येतो तो वेगळाच. एसएस मुलांच्या रक्तात परजीवी तुलनेने कमी वेळा सापडतात, हे खरे. पण सापडले की मृत्यूचा धोका फार वाढतो, हे केनिया आणि टांझानिया दोन्हीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून नायजेरियात अशा मुलांना मलेरिया होऊ नये यासाठी रोज प्रोग्वानिल देण्याची पद्धत आहे. कवच असते तर कोणत्या आईने वर्षानुवर्षे रोज गोळी दिली असती?

‘तपासणीची गरज नाही’ हा दावा इथेच कोसळतो. एसएस मुलाचा ताप 101 फॅरनहाइटच्या वर गेला की घरी वाट बघायची नाही, आणि त्यात मलेरियाची तपासणी आलीच. आशाताईंकडच्या किटवर बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला की मलेरिया असल्यास पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर त्याची रेघ दिसते. एक खबरदारी मात्र हवी: काही किटवर उपचार झाल्यानंतरही कित्येक दिवस ही रेघ उमटत राहते. मूल नुकतेच मलेरियातून उठले असेल तर ते सांगावे आणि काचपट्टीवर रक्ताचा नमुनाही द्यावा. पट्टीवर मलेरियाची रेघ आली नाही तरी घरी परतायचे नाही, कारण प्लीहा निकामी असल्याने न्यूमोकॉकससारखे जिवाणू या मुलांचा काही तासांत घात करू शकतात.

‘मलेरियाच्या गोळ्यांनी रक्त फुटते.’ या भीतीला मूळ आहे, पण ते दुसऱ्याच आजारात. अमेरिकेत इलिनॉयमधल्या तुरुंगातल्या कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग चालले होते. प्रायमाक्विन दिल्यावर काहींच्याच तांबड्या पेशी का फुटतात, याचे उत्तर 1956 मध्ये मिळाले: त्यांच्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी होते. ही कमतरता जन्मजात असते. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांमध्ये ती जास्त ठळक दिसते. सिकलसेल वेगळा आणि ही कमतरता वेगळी. एकाच मुलात दोन्ही असू शकतात, पण एक आहे म्हणून दुसरी असतेच असे नाही.

आणि ‘गोळ्या’ म्हणजे सगळ्या गोळ्या नव्हेत. क्लोरोक्विन किंवा आर्टेमिसिनिनयुक्त औषधे सिकलसेल आहे म्हणून टाळायची नसतात. प्रश्न येतो तो व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात यकृतात दडून बसलेला परजीवी मारण्यासाठी 14 दिवस द्यायच्या प्रायमाक्विनचा. त्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी करून घ्यावी. कमतरता असेल तर डॉक्टर आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली डोस देऊ शकतात. इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण तो अनेकदा सुटतो: एसएस मुलाच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी जास्त असतात आणि त्यांत हे एन्झाइम भरपूर असते, त्यामुळे कमतरता असूनही तपासणी ‘नॉर्मल’ येऊ शकते. म्हणून तपासणी ठीक आली तरी गोळी सुरू असताना लघवीचा रंग बघत राहावे. ती कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, डोळे पिवळे पडले, मूल धापा टाकू लागले, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा. गंभीर मलेरियात शिरेतून आर्टेसुनेट हे औषध दिल्यानंतरही काही रुग्णांच्या पेशी एक ते तीन आठवड्यांनी फुटतात. तेव्हा घरी सोडताना हिमोग्लोबिन पुन्हा कधी तपासायचे, हे विचारून घ्यावे.

औषधांचे असे धोके कोणी दडपून ठेवते असेही नाही. क्लोरप्रोग्वानिल-डॅप्सोन हे मलेरियाचे औषध आफ्रिकेत वापरात होते. जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या रुग्णांचे हिमोग्लोबिन त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरते, असे चाचण्यांत दिसले आणि 2008 मध्ये ते मागे घेतले गेले.

राहिली कॅप्सूल, म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. ती पांढऱ्या पेशी कमी करते, म्हणून मलेरिया वाढेल की काय ही शंका डॉक्टरांनाही होती, आणि तिचा छडा मलेरियाच्याच मुलखात लावला गेला. युगांडात लहान मुलांच्या दोन गटांत, एकाला हायड्रॉक्सीयुरिया आणि दुसऱ्याला औषध नसलेली गोळी, अशी तुलना झाली. 2017 मध्ये निष्कर्ष आला: मलेरियाच्या प्रमाणात फरक नाही. ही मुले मच्छरदाणीत झोपत होती आणि मलेरिया प्रतिबंधाचे औषधही घेत होती, हे लक्षात ठेवावे. त्यानंतर अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या 600 हून जास्त मुलांवरचा ‘रीच’ हा अभ्यास आला. हायड्रॉक्सीयुरिया सुरू केल्यावर वेदनेचे झटके, रक्त चढवण्याची वेळ आणि मृत्यू घटलेच, पण मलेरियाही जवळपास निम्म्यावर आला. यात त्याच मुलांची आधीची आणि नंतरची स्थिती ताडली होती, त्यामुळे मलेरिया औषधानेच घटला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वाढला नाही, एवढे मात्र नक्की.

तेव्हा संदेश वाचून कोणी कॅप्सूल बंद केली असेल तर सिकलसेलच्या डॉक्टरांना सांगून, रक्ततपासणी करून ती पुन्हा सुरू करावी. ताप असलेल्या मुलाला दवाखान्यात नेताना त्याचे सिकलसेलचे कार्ड आणि सुरू असलेल्या औषधांची पाकिटे बरोबर असू द्यावीत. समोरच्या डॉक्टरने विचारले नाही तरी मूल एएस आहे की एसएस, हे आपणच आधी सांगावे.