‘सोसायट्यांनी कुठला पदार्थ शोधला?’ – एका फिरत्या मजकुराला उत्तर

मटेरियल्स सायन्समध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. त्याचा आशय असा : ‘वैज्ञानिक सोसायट्या स्वतः काही शोधत नाहीत. मशीन कसं चालवायचं ते कंपनी शिकवते, पेपर इंटरनेटवर मिळतात. सोसायटी फक्त परिषदा भरवते आणि प्रमाणपत्रं वाटते. वर्गणी भरू नका.’ नव्या विद्यार्थ्यांना तो पटतो, आणि त्यात त्यांचंच नुकसान होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘स्वतः काही शोधत नाहीत.’ बरोबर आहे, भट्टी प्रयोगशाळेतच पेटते. पण पवईच्या आयआयटीत किंवा कलिन्यात मुंबई विद्यापीठात एखाद्याने नवी पूड बनवली की तो पहिल्यांदा एक्सआरडीचा, म्हणजे पुडीवर टाकलेले क्ष-किरण कोणत्या कोनांत किती जोराने बाहेर पडतात याचा, आलेख काढतो आणि त्यातली शिखरं ज्ञात पदार्थांच्या नोंदींशी जुळवून पाहतो. या नोंदी कोणी जमवल्या? डाऊ केमिकलच्या हॅनावॉल्ट, रिन आणि फ्रेव्हेल यांनी १९३८ मध्ये सुमारे हजार पदार्थांचे आलेख छापले. पुढे १९४१ मध्ये एएसटीएम या प्रमाणं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या पाठबळाने एक समिती झाली आणि तिने ती माहिती कार्डांवर आणली. आजचा आयसीडीडीचा, म्हणजे इंटरनॅशनल सेंटर फॉर डिफ्रॅक्शन डेटाचा, संग्रह त्याच कामातून वाढला आहे. दशकानुदशकं कार्डं तपासणं, चुकीची बाद करणं, नवी भरणं यातून कुणाची पीएचडी होत नाही. असं काम एकत्र आलेले व्यावसायिकच अंगावर घेतात.

‘मशीन कंपनी शिकवते.’ या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण खरी फसगत इथे होते. कंपनीचा माणूस बटणं दाखवतो, पण आलेला आकडा शेजारच्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी का जुळत नाही, हे सांगणं त्याचं काम नाही. नेहमीचं उदाहरण घ्या. होल्डरमध्ये पूड दाबताना पृष्ठभाग ०.१ मिमी खाली राहिला. गोनिओमीटरची (कोन मोजणाऱ्या चक्राची) त्रिज्या १५० मिमी असेल, तर सिलिकॉनचं २८.४४ अंशांवरचं शिखर जवळपास ०.०७ अंशांनी डावीकडे सरकतं. त्या एका शिखरावरून लॅटिस पॅरामीटर (स्फटिकातल्या अणूंच्या जाळीच्या एका घराची लांबी) काढला तर तो पाव टक्क्याने फुगतो. विद्यार्थी लिहितो, ‘डोपिंगमुळे (मिसळलेल्या परक्या अणूंमुळे) लॅटिस प्रसरण पावली.’ प्रत्यक्षात पूड सपाट करणारी काचपट्टी नीट फिरवलेली नसते. उपाय सोपा आहे : नमुन्यात वजनाने १० टक्के प्रमाणित सिलिकॉन पूड मिसळा, आधी तिची शिखरं जागेवर आणा आणि मगच आपली वाचा.

अशा चुका एकाच प्रयोगशाळेत बसून दिसत नाहीत. इंटरनॅशनल युनियन ऑफ क्रिस्टलोग्राफीच्या पावडर डिफ्रॅक्शन आयोगाने कोरंडम, फ्लोराइट आणि झिंकाइट या खनिजांची आठ वेगवेगळ्या प्रमाणांतली मिश्रणं जगभर वाटली आणि कोणता घटक किती टक्के आहे ते मोजायला सांगितलं. खरं प्रमाण वजन करून आधीच ठाऊक होतं. उत्तरं आली तेव्हा कळलं की बऱ्याच चुका यंत्राच्या नसून सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाच्या आहेत. कोणती यंत्रकंपनी आपल्या ग्राहकांच्या चुका अशा चारचौघांत मांडेल?

‘पेपर इंटरनेटवर मिळतात.’ मिळतात, आणि त्यांतल्या वाईट सवयीही सोबत येतात. टीजीएचा, म्हणजे नमुना तापवताना त्याचं वजन कसं घटतं याचा, एकच आलेख, दर मिनिटाला १० अंशांची एकच तापवृद्धी, त्यावर कोट्स-रेडफर्नचं समीकरण, आणि त्यातून काढलेली सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा) दशांशापर्यंत छापलेली. तोच आलेख अभिक्रियेच्या पाच वेगवेगळ्या मॉडेलांत ०.९९ च्या वरच्या सहसंबंधाने बसतो आणि पाच वेगळ्या ऊर्जा देतो, हे पेपर सांगत नाही. थर्मल अ‍ॅनालिसिसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे आयसीटीएसीने, एकच विदा अनेक गटांना देऊन हा दोष उघड केला. २०११ च्या शिफारशींत त्याने किमान तीन ते पाच तापवृद्धी दर वापरायला सांगितलं आहे. एवढं पाळलं तरी परीक्षकाचा अर्धा विरोध मावळतो.

‘सोसायटी फक्त परिषदा भरवते.’ इथे तक्रारीत तथ्य आहे. नोंदणी शुल्क विद्यार्थ्याला जड जातं आणि घाईघाईत उरकलेल्या पोस्टर सत्रातून कुणाला काही मिळत नाही. ते सुधारायलाच हवं. पण मटेरियल्स रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९८९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ हे नियतकालिक इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस तिच्या सहकार्याने काढते. लेखकाकडून पानामागे पैसे न घेणारं नियतकालिक छोट्या कॉलेजातल्या शिक्षकाला किती मोलाचं असतं, ते त्यालाच विचारा.

आणि मुंबईत वर्गणीचा उपयोग करून घेणं तुलनेने सोपं आहे. ट्रॉम्बे, पवई, माटुंगा, कलिना, कुलाबा ही संशोधन संस्थांची सगळी ठिकाणं लोकलने आणि बसने गाठता येतात. स्थानिक शाखेकडे एकच मागणी करा : कॅल्शियम ऑक्झॅलेट मोनोहायड्रेटची एकाच बाटलीतली पूड पाच-सहा प्रयोगशाळांत वाटा आणि प्रत्येकीला तिचा टीजीए काढायला सांगा. पूड ओव्हनमध्ये वाळवू नका, स्फटिकातलं पाणीच उडेल. १० मिलिग्रॅम, उघडी क्रुसिबल, नायट्रोजन, मिनिटाला १० अंश. वजनातली घट तीन पायऱ्यांत यायला हवी : १२.३, १९.२ आणि ३०.१ टक्के. पहिली पायरी जास्त आणि पुढच्या दोन किंचित कमी आल्या, तर पुडीने ओल धरली आहे. जुलैत हे हमखास होतं. तिन्ही सारख्याच प्रमाणात चुकल्या, तर तराजू किंवा सुरुवातीचं वजन तपासा. घट बरोबर पण तापमान सरकलेलं असेल, तर तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलकडे वळा आणि निकेलच्या क्युरी बिंदूवर (जिथे त्याचं चुंबकत्व जातं), सुमारे ३५५ अंशांवर, तो पडताळून घ्या. दुसऱ्या पायरीला डीटीएवर (नमुना उष्णता घेतो की सोडतो ते दाखवणाऱ्या आलेखावर) उष्णता बाहेर पडताना दिसली, तर भट्टीत हवा शिरते आहे, कारण सुटणारा कार्बन मोनॉक्साइड तिथेच जळतो. सगळ्यांचे आलेख एका टेबलावर ठेवून कोणाचा कुठे चुकला, ते नाव घेऊन बोला. पुढच्या वर्षी हाच प्रयोग पावसाळ्यात आणि डिसेंबरात, असा दोनदा करा.