बार्सिलोना उभयतांनी कसे उरकावे

युरोपच्या चौदा दिवसांच्या सहलीत बार्सिलोनाच्या वाट्याला अडीच दिवस द्यावेत. त्याहून अधिक दिल्यास शहर पाहिले जाण्याचा धोका संभवतो. तोपर्यंत पॅरिस, इंटरलाकेन आणि रोम पार पडलेले असतात, पायांना फोड आलेले असतात, घरून आणलेला चिवडा डब्याच्या तळाशी भुग्याच्या रूपाने उरलेला असतो आणि पती-पत्नींचा संवाद ‘पासपोर्ट कुठे आहे’ व ‘चार्जर कुठे आहे’ या दोन प्रश्नांवर येऊन ठेपलेला असतो. भूमध्य समुद्राकाठच्या या नगरीत पाऊल ठेवण्यासाठी याहून योग्य मनःस्थिती नाही. आम्ही उभयतांनी हा प्रयोग स्वखर्चाने केलेला असल्यामुळे पुढील मार्गदर्शन मी अनुभवाच्या अधिकाराने करीत आहे.

पहिली गरज तक्त्याची. तो प्रस्थानापूर्वी दोन महिने पतीने संगणकावर करावा, त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने असावेत आणि स्थळ उरकल्यावर त्यासमोर बरोबरची खूण करण्याची सोय असावी, कारण ती खूण करताना जे समाधान मिळते ते प्रत्यक्ष स्थळ पाहून मिळत नाही. पत्नीने “अहो, एक सकाळ नुसती मोकळी ठेवू या का?” असे विचारल्यास तिच्याकडे कनवाळूपणे पाहावे. व्हिसासाठी आयकराची विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे सादर करून, दहाही बोटांचे ठसे देऊन मिळवलेली सकाळ मोकळी ठेवण्यासाठी नसते. मोकळ्या सकाळी आपल्याकडे निवृत्तीनंतर हव्या तेवढ्या मिळतात.

शहरात फिरण्यासाठी ‘टी-कॅज्युअल’ नावाचे दहा फेऱ्यांचे तिकीट आहे. दहा फेऱ्या आणि दोन माणसे, म्हणजे प्रत्येकी पाच, हा हिशेब मराठी डोक्यात आपोआप होतो आणि तो चुकीचा आहे, कारण हे तिकीट एका वेळी एकाच माणसाने वापरायचे असते. (पूर्वीच्या तिकिटावर दोघा-चौघांना मिळून जाता येत असे, आपल्याला सल्ले देणारे नातेवाईक नेमके त्या काळात जाऊन आलेले असतात.) नियम वाचण्याची तसदी अर्थातच घेऊ नये. मी मेट्रोच्या स्थानकात तिकीट लावून ऐटीत आत गेलो आणि तेच तिकीट दारावरून मागे पत्नीच्या हाती देऊ लागलो, तोच शेजारून जाणाऱ्या एका आजीबाईंनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि माझ्यासमोर तर्जनी अशी काही हलवली, की मला चौथीच्या वर्गातल्या बाई आठवल्या. त्यांच्या बोलण्यातले एक अक्षर कळले नाही आणि आशय संपूर्ण समजला. मी आत, पत्नी बाहेर, मध्ये दार. ती शांतपणे यंत्राकडे गेली, तिने स्वतःचे तिकीट काढले आणि माझ्या शेजारून पुढे निघून जाताना एवढेच म्हणाली, “हे तुमच्या तक्त्यात नव्हतं वाटतं.” आमच्या अडीच दिवसांतले हे पहिले प्रेक्षणीय स्थळ होय.

सग्रादा फामिलिया हे चर्च पाहण्यापूर्वी त्याची कागदपत्रे पाहावीत. त्याची पायाभरणी १८८२ साली झाली, पुढच्याच वर्षी काम आंतोनी गौदी या वास्तुरचनाकाराच्या हाती आले आणि महापालिकेचा रीतसर बांधकाम परवाना मिळाला तो २०१९ साली. म्हणजे ज्याच्या दर्शनासाठी आपण महिनाभर आधी वेळ ठरवून तिकीट काढतो, ते बांधकाम १३७ वर्षे अनधिकृत होते. हे वाचून ज्याचा ऊर भरून येत नाही, त्याने आपल्या सोसायटीची भोगवटा प्रमाणपत्राची फाइल पुन्हा एकदा उघडावी. फरक इतकाच, की आपल्याकडची अनधिकृत बांधकामे वेळेत पूर्ण होतात.

गौदीचा अंतही पर्यटकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९२६ च्या जून महिन्यात, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्याला ट्रामची धडक बसली. अंगावरचे कपडे इतके जुनेपाने होते, की लोकांनी त्याला भिकारी समजून गरिबांच्या रुग्णालयात पोहोचवले, आणि तीन दिवसांनी तो गेला. त्याचे दफन याच चर्चच्या तळघरात केलेले आहे. तुमच्याविषयी असा गैरसमज होऊ नये म्हणून तुम्ही उभयतांनी तिथे जाताना एकाच रंगाचे, खास सहलीसाठी शिवलेले कपडे घालावेत आणि दाराशी त्यांचे विविध कोनांतून चित्रीकरण करून घ्यावे.

आत गेल्यावर झाडांसारखे फांद्या फुटलेले उंच खांब दिसतात. पूर्वेकडच्या खिडक्यांना निळ्या-हिरव्या काचा आहेत आणि पश्चिमेकडच्या खिडक्यांना तांबड्या-नारिंगी, त्यामुळे सकाळचा उजेड आत थंड होऊन उतरतो आणि दुपार कलली की तेच खांब पेटल्यासारखे दिसू लागतात. तिकिटाची वेळ तुम्ही तक्त्यातला पुढचा रकाना पाहून ठरवावी, उजेड पाहून नव्हे. आमच्या बाबतीत मात्र एक दुर्दैवी प्रकार घडला. दुपारी चारच्या तिकिटाने आम्ही आत शिरलो आणि माझा मोबाइल बंद पडला. पत्नीचा हॉटेलातच चार्जिंगला लावलेला राहिला होता. करण्यासारखे काही उरले नाही म्हणून आम्हाला बाकावर बसावे लागले. फरशीवरचा नारिंगी पट्टा हळूहळू सरकत बाकापाशी आला, तिथून तिच्या पांढऱ्या ओढणीवर चढला आणि शेवटी हातातल्या पाण्याच्या बाटलीत शिरला. ती बाटली किंचित फिरवून फिरवून पाहत राहिली. चाळीस मिनिटे आम्ही काहीही केले नाही. या चाळीस मिनिटांचा एकही पुरावा आमच्यापाशी नाही आणि नातेवाइकांना छायाचित्रे दाखवताना तिथे मोठी पोकळी जाणवते. पॉवर बँक जवळ बाळगावी असे जे सांगतात ते उगाच नव्हे.

दुसऱ्या दिवशी पार्क ग्वेल. एउसेबी ग्वेल या उद्योगपतीने १९०० साली टेकडीवर सुमारे साठ भूखंडांची श्रीमंतांची वसाहत काढण्याचे ठरवले, आराखडा गौदीकडून करून घेतला, आणि १९१४ पर्यंत तिथे नवी घरे उभी राहिली ती दोन. त्यांपैकी नमुन्यादाखल बांधलेल्या घरात गौदी स्वतःच राहायला गेला. सॅम्पल फ्लॅट पाहायला कुणी येईना म्हणून आर्किटेक्टनेच त्यात बिऱ्हाड करावे, तशी ही गोष्ट. एका फसलेल्या गृहयोजनेचे आज तिकीट काढून दर्शन घ्यावे लागते, हे कळल्यावर आपल्या अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. इथले नागमोडी बाक फुटक्या फरश्यांच्या आणि कपबश्यांच्या तुकड्यांनी मढवलेले आहेत. या कलेला तिथे ‘त्रेंकादीस’ म्हणतात आणि तिच्यासाठी जगभरातून माणसे येतात. आपल्याकडे तिला चायना मोझेक म्हणतात आणि गच्ची गळू लागली की तिच्यावर डांबर ओततात. माझ्या पत्नीने बाकावर हात फिरवून “आमच्या दादरच्या गच्चीवर अगदी अशीच होती, निळ्या बशीचा तुकडासुद्धा असाच,” असे म्हटले, तेव्हा मी घड्याळाकडे पाहिले. असे संदर्भ सुरू झाले की रकाना हुकतो.

जिन्यावर रंगीबेरंगी तुकड्यांची एक मोठी पाल आहे. तिला कुणी ड्रॅगन म्हणतात, कुणी सॅलमँडर. आपल्या डोळ्यांना ती पालच दिसते. वरच्या पटांगणावर पडलेले पावसाचे पाणी ८६ खांबांच्या आधाराने उभ्या असलेल्या त्या रचनेतून खालच्या टाकीत उतरावे आणि टाकी भरली की जादा पाणी या पालीच्या तोंडातून वाहावे, अशी योजना आहे. याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. घरी ट्यूबलाइटमागे पाल दिसली की “अगं, झाडू आण” अशी हाक मारणाऱ्या पुरुषाने इथे पंचवीस मिनिटे रांगेत उभे राहावे आणि तिच्या मस्तकावर हात ठेवून हसावे.

गॉथिक नावाच्या जुन्या भागात बिस्बे गल्लीवर एक नाजूक कोरीव पूल आहे. त्याखाली उभे राहून ‘मध्ययुग अंगावर आले’ असा मजकूर घरच्या गटावर टाकावा. पूल १९२८ सालचा आहे, हे कुणी विचारीत नाही. त्याहून जुने वाडे आपण पुण्यात रोज पाडतो. जवळच्या कॅथेड्रलच्या अंगणात तेरा कलहंस (गीज) असतात. तेही टिपून घ्यावेत.

आहाराच्या बाबतीत तत्त्वनिष्ठ राहावे. इथे रात्रीच्या जेवणासाठी भटारखाना साडेआठ-नऊच्या सुमारास पेटतो, तेव्हा आपण साडेसहालाच बंद दारासमोर उभे राहून या लोकांना कसलीही शिस्त नाही असा निष्कर्ष काढावा. शाकाहारी वाचकांनी ‘बोकादिल्यो वेखेताल’ अशी पाटी दिसताच हरखून जावे. नावातच वनस्पती असलेल्या या सँडविचमध्ये सॅलडच्या पानांबरोबर बहुधा ट्यूना मासा आणि उकडलेले अंडे असते. पहिला घास घेतल्यावर पत्नी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “अहो, ही भाजी पोहत होती.” भाजलेल्या पावावर पिकलेला टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ घातलेला एक साधा पदार्थ तिथे सर्वत्र मिळतो, ‘पा आम्ब तुमाकेत’ नावाचा. तो मात्र मागवू नये. तो स्वस्त असतो, चवदार असतो आणि त्यात मासा नसतो, त्यामुळे परतल्यावर सांगण्यासारखी तक्रार उरत नाही.

भिंतींवर कुठे कुठे ‘पर्यटकांनो, घरी जा’ अशा अर्थाची अक्षरे रंगवलेली दिसतात. २०२४ च्या जुलै महिन्यात तर निदर्शकांनी रस्त्याकडेला जेवत बसलेल्या पाहुण्यांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. साधारण सतरा लाख वस्तीच्या या शहरात राहती घरे पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने जाऊ लागली आणि गावकऱ्यांना घरभाडे परवडेनासे झाले. म्हणून अशा सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरनंतर चालू ठेवायचे नाहीत, असे महापालिकेने जाहीर केले आहे. तुम्ही अशाच एखाद्या सदनिकेत उतरावे, सकाळी सज्जात चहा घेत खालच्या गर्दीकडे पाहावे आणि “किती हे टुरिस्ट!” असा उसासा टाकावा. पर्यटक हे नेहमी दुसरे असतात. पाणी उडालेच तर रंगपंचमी समजून हसून घ्यावे.

तिथल्या पाट्या आणि स्थानकांची नावे कॅटलान या स्थानिक भाषेत असतात. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, म्हणजे १९३९ ते १९७५ या काळात, ही भाषा शाळांतून आणि सरकारदरबारातून हद्दपार होती, त्यामुळे ती आपलेपणाने वापरण्याबद्दल तिथले लोक हळवे आहेत. मुंबईत दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरे बारीक दिसली की ज्याचे रक्त उसळते, त्याने इथे कॅटलानमधले ‘ग्रासिएस’ न म्हणता सर्वांना स्पॅनिशमधले ‘ग्रासियास’ ठोकून द्यावे आणि पत्नीने सुचवून पाहिल्यास “शेवटी स्पेनच ना?” असे उत्तर द्यावे. हे उत्तर आपण घरी कुणाकुणाच्या तोंडून ऐकले आहे, ते त्या वेळी आठवू नये.

दिशांबद्दल थोडेसे. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याच्या १८५९ सालच्या आराखड्याने शहराचा मोठा भाग चौकोनी ठोकळ्यांत आखला आहे आणि प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे तिरके छाटलेले आहेत. चौकात उजेड आणि मोकळी हवा यावी, वाहनांना वळता यावे, ही त्यामागची कल्पना उत्तमच. परंतु त्यामुळे प्रत्येक चौक हुबेहूब मागच्या चौकासारखा दिसतो. अशा वेळी पतीने कुणालाही रस्ता विचारू नये. विचारल्याने रस्ता सापडतो.

यासंबंधीचे सर्वोच्च प्रेरणास्थान राम्ब्ला या हमरस्त्याच्या टोकाला, बंदरासमोर आहे, आणि शेवटच्या संध्याकाळी त्याच्या दर्शनाने यात्रेची सांगता करावी. १८८८ च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने उभारलेल्या ६० मीटर उंच स्तंभावर कोलंबस हात लांबवून उभा आहे. पहिल्या सफरीहून परतल्यावर १४९३ साली राजा-राणीने त्याचे स्वागत केले ते याच शहरात. निघाला होता तो आपल्याकडे यायला, पोहोचला भलतीकडे, आणि आपण गाठले ते आशियाच, हे त्याने मरेपर्यंत सोडले नाही. त्याच्या या चुकीपासून सुरू झालेल्या ये-जाने बटाटा आणि मिरची आपल्यापर्यंत पोहोचली, म्हणजे वडापावचे निम्मे श्रेय हट्टाला जाते. त्याचे बोट समुद्राकडे रोखलेले आहे आणि अमेरिका त्या बाजूला नाही.

“अहो, मेट्रो कुठल्या बाजूला?” पत्नीने विचारले. माझ्या मोबाइलमध्ये चार टक्के उरले होते आणि नकाशा उघडत नव्हता. मी वर पाहिले, आणि ते बोट ज्या दिशेला होते त्या दिशेला खात्रीने चालू लागलो. पुढे पाणी लागले तेव्हा वळून पाहिले. ती कोलंबसाच्या पाठीमागे, द्रासानेस स्थानकाच्या जिन्यापाशी, स्वतःचे तिकीट हातात धरून उभी होती.